साडभाऊंची मागची सीट

अकोला जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत जेवढी जमलेली लग्नं मोडली नसतील, तेवढे जमलेले गाड्यांचे सौदे आमच्या साडभाऊंनी मोडले आहेत. लग्न मोडणाऱ्याला लोक दारात उभं करत नाहीत. यांना मात्र लोक घरी जाऊन घेऊन येत, चहा पाजत, शोरूममध्ये नेत आणि गाडी न घेताच आनंदाने परत येत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकी महाराष्ट्रात साडू हा नुसता साडू असतो. आम्ही वऱ्हाडात त्याला भाऊ करून ठेवला आहे, म्हणजे भांडणाचीही सोय झाली. ते अकोल्याला राहतात, मी अमरावतीला. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि मोटारीबद्दल मला एवढंच माहीत होतं की तिला चार चाकं असतात आणि पाचवं डिकीत झोपलेलं असतं. एकदा हे ज्ञान मी त्यांच्यापुढे मांडलं. माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहत ते म्हणाले, “आता थे पाचवं बी देत नाईत भाऊ. पंक्चर झालं त एक बाटली देतेत. बाटलीवर मानूस चालते, गाडी कशी चालन?”

नोकरी त्यांची पाटबंधारे खात्यात झाली. खात्याने त्यांना जीप दिली आणि जीप चालवायला माणूस दिला. जीप त्यांनी आनंदाने स्वीकारली, माणसाला मात्र बाजूच्या सीटवर बसवलं. तीस वर्षं कालव्याकाठच्या रस्त्यांवर साहेब गाडी चालवायचे आणि ड्रायव्हर शेंगा सोलून साहेबांना द्यायचा. तो ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा त्याचा क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळ व्हायला लागला होता, असं आमची ताई, म्हणजे त्यांची बायको, शपथेवर सांगते.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची नेमणूक स्वतःच केली. नात्यात, शेजारात, जुन्या खात्यात कोणीही गाडी घ्यायची म्हटली की साडभाऊंना बोलवायचं, असा रिवाजच पडला. पत्रिका जुळवणारा चुकला तर चालेल, पण साडभाऊंनी न पाहिलेली गाडी घरात येता कामा नये. शोरूममधल्या लोकांचा त्यांनी केलेला छळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. गाडी देताना तिच्यावर लाल साटिनचं कापड टाकतात, मालकाला सहकुटुंब उभं करतात आणि टाळ्या वाजवत कापड ओढतात. साडभाऊंनी तिथल्या मॅनेजरला विचारलं, “तोंड झाकून काहून ठेवली? नवरी हाय काय थे? अन् काही खोट असन त आत्ताच सांगून द्या, मांगून आमची फसगत नाई पाहिजे.” मॅनेजर हसला. कापड ओढल्यावर साडभाऊंना पुढच्या दारावर नखाएवढा ओरखडा सापडला आणि मग तो हसायचा थांबला.

छतात काचेची खिडकी असलेल्या गाड्या निघाल्या तेव्हा तर त्यांना नवं तारुण्य फुटलं. टाय बांधलेला एक विक्रेता त्यांना मोकळ्या आकाशाचा अनुभव समजावून सांगत होता. साडभाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, “मे महिन्यात अकोल्यात होता काय तू कधी?” तो पुण्याचा होता. “मंग ऐक. इथं मानूस छपरावर दुसरं छप्पर टाकते, त्याच्यावर तुराट्या टाकते, त्याच्यावर पानी मारते. अन् तू असलेल्या छपराले भोक पाडून इकून राहिला. वरतून त्याचे जास्तीचे पैसे.” विक्रेत्याने घाम पुसला. शोरूमचा एसी बंद नव्हता.

कंपन्यांनी सांगितलेल्या मायलेजला ते ‘फोकनाड’ म्हणत. फोकनाड म्हणजे थाप, पण थापेत जी थोडी शरम असते ती वजा करून. “कंपनीचं मायलेज अन् पोराकडच्यायनं सांगितलेली शेती, दोन्हीचं अर्धं कापाचं,” हा त्यांचा नियम माझ्या दृष्टीने अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा भरवशाचा आहे. अमरावतीला आले की मी त्यांना मुद्दाम कोचिंग क्लासेसच्या गल्लीत फिरवायचो. संध्याकाळी तिथे डोंगर चढायच्या लायकीच्या अवाढव्य गाड्या एकेक चाळीस किलोचं पोरगं उतरवत असतात. साडभाऊ ऐन चौकात उभे राहून मोठ्याने म्हणायचे, “हा हिमालय चढाचा रनगाडा घेतला, अन् चढवून काय राहिले? स्पीड ब्रेकर.” गाडीवाल्यांपैकी दोघेतिघे माझ्या कॉलेजातले प्राध्यापक निघत, पण त्याची साडभाऊंना पर्वा नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

पण त्यांचा खरा दावा होता तो मोठ्या पडद्यावर. आजकालच्या गाडीत समोर टीव्हीसारखा पडदा असतो आणि गाणी, पंखा, एसी सगळं त्यावर बोट फिरवून चालवायचं असतं. या पडद्याचं नाव काढलं की साडभाऊ चहाचा कप खाली ठेवत. “पंखा कमी करासाठी तीन पानं उलटा लागते. गाडी व्हय का पंचांग? बटन कसं पाहिजे, बोटाले सापडलं पाहिजे. बोटाचं काम बोटानं कराचं, डोयाचं काम डोयानं. डोये रस्त्यावर.” बिनआवाजाच्या विजेच्या गाड्याही त्यांच्या डोळ्यांत खुपत. शेजारच्या डॉक्टरांनी एक आणली होती. ती गल्लीत मागून आली आणि साडभाऊ दचकून पिशवीसकट कुंपणावर गेले, पिशवीतली वांगी रस्त्यावर. “चोरासारखी येते राजेहो. बैल येते त घंटी वाजते, म्हैस येते त शेपूट आपटते, हे काय आलं मंग?” डॉक्टरांनी वांगी गोळा करून दिली, पण समेट झाला नाही.

आणि पांढरा रंग. “सगळ्या पांढऱ्या. सगळ्यायचं तोंड एकसारखं. मानसानं आपली ओयखाची कशी?” एका लग्नात ते हॉलबाहेर गाडीत जाऊन बसले, पंधरा मिनिटं आमची वाट पाहिली, मग हॉर्न वाजवून वाजवून सगळं वऱ्हाड गोळा केलं. गाडी दुसऱ्याचीच होती. मागच्या सीटवर मालकाची सासू झोपली होती, तिलाच त्यांनी उठवून विचारलं, “तुमी कोन?” आम्ही पोट धरधरून हसलो. साडभाऊंनी सगळा दोष जगातल्या मोटार कंपन्यांवर ढकलला आणि आम्ही तोही मान्य केला.

पूर्वी टेस्ट ड्राइव्ह ते स्वतः घेत. ते चक्र हातात घेत आणि मागे बसलेला विक्रेता देवाचं नाव घेई. मग तीनेक वर्षांपूर्वी अचानक त्यांनी नवा सिद्धांत काढला. “चालवून गाडी समजत नाई. चालवनाऱ्याले सगळीच गाडी चांगली वाटते. गाडी मांगून पाहाची असते.” तेव्हापासून ते चपला बाहेर काढून मागच्या सीटवर मांडी घालून बसत, डोळे मिटत आणि म्हणत, “चाल. अन् चूप राहा.” गाडी चालू झाली की मान किंचित कलती करून ऐकत. परत आल्यावर डोळे उघडून सांगत, की मागचं उजवं दार सैल आहे, तिसऱ्या गिअरमध्ये पोट दुखते हिचं, आणि याच्या आधी ही जो कोणी चालवत होता तो डाव्या हाताने कामचुकार आहे. विक्रेते एकमेकांकडे पाहत. आम्हाला अभिमानाने भरून येई. मी तर कॉलेजात सांगत फिरायचो की आमच्या साडभाऊंना गाडी डोळे मिटून समजते.

त्यांची स्वतःची गाडीही होती. लहानशी, निळी, वीस वर्षांची, खाकी कापडाखाली अंगणात उभी. अलीकडे ती बाहेर निघतच नसे. “शहरात ट्राफिक बह्याड झाली, तिले कशाले त्रास?” असं म्हणत दोघं नवराबायको अमरावतीला एसटीने येत. पण दर रविवारी सकाळी कापड काढून गाडी पुसायची आणि दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायची, हे व्रत सुटलं नाही. ती दहा मिनिटं साडभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसत आणि ताई बाजूच्या सीटवर मेथी निवडत बसे. मेथी संपली की प्रवास संपला.

याच निळ्या गाडीवर माझ्या मुलीचं, मिनूचं, शिक्षण झालं. मिनू कॉलेजात होती तेव्हा साडभाऊ दर रविवारी अकोल्याहून गाडी घेऊन येत आणि तिला नांदगाव पेठच्या एमआयडीसीत नेत. रविवारी तिथले रुंद रस्ते रिकामे असतात. पहिले चार रविवार त्यांनी तिला गाडी सुरूच करू दिली नाही. तिच्या डोळ्यांवर तिचीच ओढणी बांधायची आणि मग हुकूम सोडायचे, वायपर लाव, दिवे लाव, काच खाली कर. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. “पोट्टे, गाडी हाताले पाठ पाहिजे,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की ग्रंथालयातही मी आता दिव्याची बटणं न पाहता लावतो. मिनू गाडी शिकली, आणि अशी शिकली की तिच्या गाडीत बसून मी पेपर वाचू शकतो.

आता माझा गुन्हा. मिनूला त्याच एमआयडीसीतल्या एका कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिने स्वतःच्या पगारावर गाडी घ्यायचं ठरवलं. ती पहिलं वाक्य बोलली ते हेच, “मावसाजींना बोलावू.” मी म्हणालो, “बोलावशील तर तुझ्या लग्नापर्यंत रिक्षाने जाशील.” याला आधार होता. दर्यापूरचा माझा मेहुणा पाच वर्षांपूर्वी गाडी घ्यायला निघाला, साडभाऊंनी त्याच्या तीन पसंत्या नापास केल्या, आणि तो गडी आजही काळ्यापिवळ्या सहा आसनी जीपमध्ये अकरावा बसून अकोल्याला जातो. मी फर्मान काढलं, आधी घेऊ, मग सांगू. मिनू दोन दिवस कुरकुरली. मग तिने एकटीने जाऊन गाडी ठरवली, तीही सगळ्यात खालचं मॉडेल. मी म्हटलं, थोडे जास्त टाक, लोकांच्या गाडीत काय काय असतं. तिने ऐकलं नाही. आम्ही बापलेक त्यावरूनही भांडलो.

गाडी आली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि मी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आनंदाच्या भरात मोबाईलच्या स्टेटसवर फोटो टाकला. ताई स्टेटस पाहते हे मला माहीत होतं. सगळ्यांचे स्टेटस सगळ्यात आधी तीच पाहते.

अर्ध्या तासात साडभाऊंचा फोन आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, “अभिनंदन भाऊ. गाडी चांगलीच असन. आमाले काय समजते आता.” आणि फोन ठेवला. मी चारदा परत लावला. चौथ्यांदा ताईने उचलला आणि म्हणाली, “ते म्हनून राहिले, त्या गाडीत ते पाय ठेवनार नाईत.” घरातल्या थोरल्या जावयाला डावललं, तेही ज्या एका गोष्टीत सगळं गणगोत त्याला मानतं त्या गोष्टीत. मला जेवण गेलं नाही. मिनू तर माझ्याशी आठवडाभर फक्त मीठ आणि पाणी एवढ्याच विषयांवर बोलली.

महालक्ष्म्यांचं जेवण आमच्याकडे असतं. लग्नापासून साडभाऊंनी ते कधी चुकवलेलं नाही. सोळा भाज्या आणि आंबील यांवर त्यांचा जीव आहे. या वर्षी ताई एकटीच एसटीने आली. जेवणं आटोपल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “ताई, माझं चुकलं. पण साडभाऊंनी एवढं मनावर घ्यावं? त्यांना आणलं असतं तर त्यांनी नापासच केली असती.”

ताई पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, “भाऊजी, त्यायले दिसत नाई.”

मला काही कळेना.

“काचबिंदू हाये. तीन वर्षं झाली. एक डोया गेलाच, दुसऱ्यानं समोरचं थोडंसं दिसते, बाजूचं काहीच नाई. डॉक्टरनं गाडी बंद केली. कोनाले सांगू नोको म्हनून मले शपथ घातली. तुमी लोक बोलावता, मांगच्या सीटवर बसवता, त्यायचं ऐकता. तेवढंच उरलं हाये त्यायचं. अन् तुमी मिनूले घरच्या घरी गाडी घेतली. त्यायले वाटलं, भाऊले समजलं असन, आता आंधया मानसाले काय इचाराचं.”

मागची सीट, मिटलेले डोळे, पांढऱ्या गाड्या, डॉक्टरांनी गोळा केलेली वांगी, ती झोपलेली सासू. आम्ही जिथे जिथे पोट धरून हसलो होतो त्या सगळ्या जागा मला एकामागून एक आठवल्या आणि फार लाज वाटली. मिनू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “रविवारी जाऊ. आणि पप्पा, तिथे तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.”

रविवारी सकाळी आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा निळ्या गाडीचं कापड निघालेलं होतं आणि साडभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. ताईच्या मांडीवर मेथी होती. आमची गाडी फाटकात थांबली तसे ते उतरले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “या. चहा घ्या. गाडीत मी बसनार नाई, थे सांगून देतो.”

“नका बसू,” मिनू म्हणाली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. “कोणती आहे तेवढं ओळखा. नाही ओळखली तर मी समजेन, तुमचं वय झालं.”

मी डोळे मिटले. एवढं उद्धट बोलायची आमच्या खानदानात कोणाची हिंमत नव्हती. साडभाऊंनी किल्ली बोटांत फिरवली. मग ते निघाले. बॉनेटवर बोटाच्या पेराने ठोकलं, पुढचं दार तीनदा उघडून लावलं, टायरला पायाने चाचपलं. चपला काढल्या, सवयीने मागे जाऊन मांडी घालून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, “चालू कर.” मिनूने चालू केली. दोन मिनिटांत त्यांनी कंपनी सांगितली, मॉडेल सांगितलं, आणि टायरमध्ये हवा दोन पॉइंट जास्त आहे हेही सांगितलं. मी बरोबर म्हणायला तोंड उघडलं, मिनूने डोळे वटारले, मी बंद केलं.

“समोर या ना,” ती म्हणाली. “मागून अर्धीच समजते.”

हा त्यांच्या सिद्धांतावर सरळ हल्ला होता, पण ते उतरले, दारावर हात ठेवत ठेवत पुढे आले आणि तिच्या बाजूच्या सीटवर बसले. सवयीने त्यांचा हात डॅशबोर्डवर पडद्याच्या जागी गेला. मला ठाऊक होतं, आता भाषण. पण बोटं मधल्या भागावर फिरली आणि थांबली. तिथे एक गोल बटण होतं. त्यांनी ते फिरवलं, पंखा वाढला. उलटं फिरवलं, कमी झाला. बाजूचं दाबलं, पुढचं दाबलं. सगळी बटणं त्यांनी एकेक करून पाहिली, अगदी सावकाश.

“पडदा नाई घेतला?”

“खालचं मॉडेल घेतलं,” मिनू म्हणाली. “बटणवालं त्याच्यातच येतं. पप्पा भांडले माझ्याशी, लोकांकडे पडदा असतो म्हणून.”

“तुहा बाप पुस्तकातला मानूस, त्याले काय समजते,” साडभाऊ म्हणाले, आणि ती शिवी ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग त्यांनी हाक मारली, “अवं, मेथी ठेव इकडं. दर्यापूरपर्यंत जाऊन येऊ.”

मी आणि ताई मागे बसलो. ताईने मेथी सोबतच घेतली. गाडी दर्यापूर रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला आलेलं, आणि साडभाऊंनी आपलं दुकान उघडलं. समोरून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून निकाल द्यायचे. ट्रक, याचं सायलेन्सर फाटलं. काळीपिवळी, हिच्यात बारा जन हायेत, चौदा असले तरी सांगू नोका. ट्रॅक्टर, घरचा नाई, भाड्याचा, कसा कुटून राहिला पाहा. एकही चुकला नाही. मिनू हसत होती. मीही हसत होतो.

मग समोरून एक गाडी आली आणि काही आवाज न करता निघून गेली. नुसता वारा बाजूच्या काचेवर आपटला. साडभाऊंनी मान थोडी वळवली. त्या बटणावरचा हात तसाच होता.

“आता कोनती गेली?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणालाही विचारलेला मी ऐकला नव्हता. ताईची बोटं मेथीत थांबली.

“विजेची होती, मावसाजी,” मिनू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “पांढरी.”

“फालतू,” साडभाऊ म्हणाले. थोडं अंतर गेलं. मग ते हळूच म्हणाले, “अशी गेली का सांगत जाय मले.”

“सांगते,” मिनू म्हणाली. आणि दर्यापूर येईपर्यंत ती त्यांना सगळ्याच सांगत राहिली, आवाज करणाऱ्याही आणि न करणाऱ्याही.